न बघितलेल्या घराचं कोटेशन

“किचन कुठंय?” मी विचारलं, आणि तिथंच माझा बाजार उठला.

सिस्टर दारात उभ्या होत्या. हातात माझंच कोटेशन. त्यांनी एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“पेंटर, किचनची तेलकट भिंत घासून रंगाचे दोन हात, बाराशे रुपये. हे अक्षर तुमचंच ना?”

“होय की.”

“मग किचन कुठंय ते मला विचारताय?”

मी त त प प करायला लागलो. माझ्या मागं इनामदार साहेब उभे होते, त्यांनी घसा खाकरला. “अहो, दहा घरांची कामं बघतात ते. एखाद्या वेळी नाही लक्षात राहत.”

“वन बीएचके आहे साहेब. किचन हरवायला जागा कुठंय इथं?” सिस्टर म्हणाल्या.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. ही गोष्ट सतरा-अठरा वर्षांपूर्वीची, मिरजेतली. मी सर्जेराव पेंटर. तेव्हा वय पंचेचाळीस, पैकी वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली भिंती घासण्यात गेलेली. इनामदार साहेब म्हणजे बँकेतून रिटायर झालेले, एका तीन मजली बिल्डिंगचे सेक्रेटरी. खाली स्वतः राहायचे आणि दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचे. माणूस बोलायला इतका गोड, की शिवी दिली तरी समोरचा थँक्यू म्हणेल. आणि सिस्टर म्हणजे प्रमिला खंडागळे. मिरजेतल्या एका दवाखान्यात नर्स, पन्नाशीच्या, एकट्या. सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणायची.

इनामदारांची एक पद्धत होती. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की भाडेकरू बदलायचा आणि जुना निघायच्या आठवड्यात मला फोन. मी जायचो. कांदेपोहे, चहा, पंख्याखाली खुर्ची. मग ते सांगायचे आणि मी माझ्या कार्बनच्या बुकात कोटेशन लिहायचो. खिळ्यांची भोकं, तेलकट भिंत, ओल, काय काय. खाली माझी सही आणि शिक्का. “काम कळवतो हं,” म्हणायचे. काम कधी यायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पोहे.

ह्या कागदाचं ते काय करतात ते मला कळत नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. कळत होतं. पण मी तिकडं बघत नव्हतो. कारण प्रत्येक वेळी पोह्यांबरोबर ते म्हणायचे, “सर्जेराव, बिल्डिंग बाहेरून रंगवायचीय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचंच नाव घालणार आहे मी.” तीन मजल्यांची बिल्डिंग! भिंतीला बांबूंचा पहाड बांधून, चार माणसं हाताखाली घेऊन, माझ्या नावावर केलेलं पहिलं काम झालं असतं ते. मी तर बोर्डसुद्धा रंगवून ठेवला होता, ‘सर्जेराव पेंटर अँड कंपनी’. कंपनीत मी आणि माझी शिडी.

त्या वर्षी इनामदार घाईत होते. फोनवरच म्हणाले, “मागच्या वर्षीचंच उतरवा हो. फक्त चारशे वाढवा, महागाई आहे.” मी बुक काढलं, मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवला आणि शाळेतल्या पोरानं गृहपाठ उतरवावा तसा उतरवला. बेरीज सात हजार चारशे. त्या घराचा उंबरासुद्धा मी कधी ओलांडला नव्हता.

आणि मग महिनाअखेरच्या सकाळी पुन्हा फोन. “सर्जेराव, जरा येऊन जा. बाई ऐकत नाहीत. त्यांना एवढंच सांगायचं, की रंगाला आठ दिवस लागतात. एवढं सांगा आणि चला.”

झालं होतं असं. सिस्टरांचं डिपॉझिट पंधरा हजार. इनामदारांनी माझा कागद दाखवून रंगाचे सात हजार चारशे कापले, वर सफाईचे हजार. हातात ठेवले सहा हजार सहाशे. दुसरी कोणी असती तर भांडली असती, नाहीतर रडली असती. सिस्टर म्हणाल्या, “ठीक आहे. रंगाचे पैसे घेतलेत ना? मग रंग द्या. मी बघून जाते.” आणि मोकळ्या घरात एक बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिल्या.

म्हणून मी आलो, आणि किचन कुठंय ते विचारून बसलो.

“सर्जेराव, बाईंना सांगा, रंगाला किती दिवस लागतात,” इनामदार म्हणाले. डोळ्यांनी मला खुणावत होते.

“आठ दिवस,” मी म्हटलं. “भिंत घासायची, भोकांत-भेगांत लांबी भरायची, ती वाळायला पाहिजे, मग पहिला हात...”

“बरं. आठ दिवस राहते मी,” सिस्टर म्हणाल्या. त्या गॅलरीत गेल्या आणि खाली वाकून ओरडल्या, “रमजानभाई! गादी आणि स्टोव्ह तेवढा वर आणा!”

खाली सामान भरलेला टेम्पो उभा होता. ड्रायव्हर रमजानभाई दोरीची शेवटची गाठ मारत होता. “आत्ताच तर चढवलं की हो सिस्टर! कपाट वर ठेवलंय गादीच्या!”

“मग कपाट उतरवा आधी!”

इनामदारांच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, असं कसं? उद्या सकाळी नवीन लोक येतायत! त्यांना शब्द दिलाय मी!”

“उद्या?” सिस्टर वळल्या. “रंगाला तर आठ दिवस लागतात म्हणाले पेंटर. मग ते लोक ओल्या भिंतीत राहणार?”

मला हसू येत होतं. इनामदारांनी माझा दंड धरून मला गॅलरीच्या कोपऱ्यात नेलं. आवाज तोच, साखरेत घोळलेला. “सर्जेराव, असं करू. आज संध्याकाळपर्यंत एक पातळ हात मारून टाका. बाईंना बघू दे आणि जाऊ दे. तुम्हाला दोन हजार देतो. आणि बिल्डिंगचं तुमचं पक्कं धरा. मे महिन्यात चालू.”

मे महिना म्हणजे दोन महिन्यांवर. माझ्या डोळ्यांसमोर पहाड बांधून तयार. मी मान हलवली. आता आपलं काय जातंय, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

आत आलो तर सिस्टर उभ्या. “पेंटर, रंग कुठला द्यायचा ते नंतर बघू. आधी पेशंटला झालंय काय ते दाखवा. चला, राऊंड घेऊ.”

आणि त्या बाईनं खरंच राऊंड घेतला. पुढं त्या, मागं मी, माझ्या मागं इनामदार. डॉक्टरच्या मागनं शिकाऊ पोरं फिरतात तसे आम्ही दोघं फिरत होतो. त्या कागद वाचायच्या आणि मी भिंतीला हात लावून बघायचो.

“एक. खिळ्यांची सोळा भोकं. दाखवा.”

मी हॉलभर फिरलो. भोक एक सापडेना. शेवटी तिरका उजेड पडला तिथं जरा गोल गोल डाग दिसले, गुळगुळीत. नखानं खरडलं तर निघेना. एवढी साफ लांबी मी पण भरत नाही.

“काय भरलंय हे?”

“हाड मोडल्यावर लावतो ते प्लास्टर. मुदत संपलेले रोल होते वॉर्डात, ते आणले मागून. पाच खिळे मारले होते मी, सोळा नाही. पाचही बुजवलेत.”

“चांगलं झालंय,” मी म्हटलं. इनामदारांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुढचं गिळलं.

“दोन. बाथरूमच्या भिंतीला ओल.”

ओल नव्हती. हात फिरवून फिरवून तळव्याला चुना लागला, पण ओल नव्हती.

“तीन. किचन तेलकट. ते तुम्हाला सापडलं तर बघा.”

सापडलं. मी माझा पांढरा रुमाल काढून ओट्यामागच्या भिंतीवर घासला. रुमाल पांढरा तो पांढराच. फरशीवर फिनेलचा वास असा, की आत्ता कुणाचं तरी ऑपरेशन होणार आहे असं वाटावं. आणि ह्या घराच्या सफाईचे हजार रुपये!

“चार,” सिस्टरांनी वाचलं आणि थांबल्या. मग एकेक शब्द सावकाश वाचला. “लहान मुलांनी भिंतीवर मारलेल्या रेघोट्या घासून काढणे. सहाशे रुपये.”

त्यांनी कागद खाली घेतला आणि इनामदारांकडं बघितलं.

“साहेब, मी एकटी राहते. लग्न केलेलं नाही. हे मूल कुणाचं?”

अरे देवा! मला आत्ता कळलं, मी काय केलं होतं ते. मागच्या वर्षीचा कागद मी ओळ न ओळ उतरवला होता. मागच्या भाडेकरूंचं पोर ह्या बाईंच्या बिलात आलं होतं.

“लिहिण्यात चूक झाली हो,” इनामदार म्हणाले. “सहाशे कमी करू. झालं समाधान?”

“थांबा. रेघोट्या आहेत. या.”

त्या आम्हाला बेडरूममध्ये घेऊन गेल्या. खिडकीखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, रंगीत खडूनं काढलेला एक मासा होता. निळा. त्याला पाय चार. बाजूला दोन-चार लाल रेघा.

“मी आले तेव्हापासून आहे हा. मला त्याचा काही त्रास नव्हता. रात्रपाळी करून आलं की पडल्या पडल्या दिसायचा, बरं वाटायचं.” मग माझ्याकडं वळल्या. “पण पेंटर, माझ्या आधीच्यांचं पोर माझ्या कागदात आलंय, म्हणजे मागच्या वर्षीचाच कागद उतरवलाय ना? म्हणजे हा मासा पुसायचे पैसे मागच्या वर्षीच घेतलेत. मग मासा इथं कसा?”

तोंड कुठं लपवू असं झालं मला. माशाच्या रेघा भिंतीवर जशाच्या तशा होत्या. म्हणजे रंग लावायचं राहू द्या, कुणी साधा बोळासुद्धा फिरवला नव्हता.

“असे किती कागद लिहिलेत?” त्यांनी विचारलं.

“हा चौथा.”

“आणि भिंती किती रंगवल्या?”

“एकही नाही.”

“मग तुम्हाला पेंटर कशाला म्हणायचं? कारकून म्हणायला पाहिजे.”

वीस वर्षांत मला कुणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं. राग आला. पण राग कुणावर काढायचा? बाई खोटं काय बोलली होती?

इनामदार पुढं झाले. “सिस्टर, तुम्ही उगाच विषय वाढवताय. सर्जेराव, रंगाची गरज आहे की नाही, ते तुम्ही सांगा. तुम्ही ह्यातले जाणकार. तुमचा शब्द मला मान्य.” आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बिल्डिंगचं लक्षात आहे ना?”

सिस्टर एवढंच म्हणाल्या, “सांगलीला खोली बघितलीय मी. संध्याकाळपर्यंत बारा हजार दिले तरच किल्ली मिळणार. माझ्याकडं आहेत सहा हजार सहाशे. तुम्ही रंग पाहिजे म्हणालात तर मला टेम्पो घेऊन कुठं जायचं तेसुद्धा सांगा.”

खालून रमजानभाई हॉर्न वाजवत होता. मी त्या माशाकडं बघत उभा. एकीकडं तीन मजली बिल्डिंग आणि एकीकडं चार पायांचा मासा.

“सिस्टर, एक ओलं फडकं द्या,” मी म्हटलं.

त्यांनी बादलीतलं फडकं पिळून दिलं. मी खाली बसलो आणि माशाच्या शेपटीवरनं फिरवलं. शेपटी गेली. पाय गेले. लाल रेघा गेल्या. भिंत खाली स्वच्छ. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

“हे सहाशे रुपयांचं काम,” मी इनामदारांना म्हटलं. “आणि साहेब, ह्या घराला रंगाची काडीची गरज नाही. अजून दोन वर्षं नाही.”

“सर्जेराव, विचार करून बोला.”

“केला की.”

मी सिस्टरांच्या हातातनं तो कागद घेतला, उलटा केला, भिंतीला टेकवला आणि मागं लिहिलं : घर बघितले. रंगाची गरज नाही. खर्च शून्य. खाली सही केली. शिक्का खिशातच होता, तोही मारला. कागद इनामदारांच्या हातात दिला.

त्यांनी तो वाचला, घडी घातली. मग पैसे मोजले. सिस्टरांचे पंधरा हजार पुरे केले, सफाईच्या हजारासकट. नवीन लोक सकाळी यायचे होते आणि बाई बादलीवरनं उठायची नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. मला मात्र जिन्यात गाठून म्हणाले, “सर्जेराव, ह्या बिल्डिंगची पायरी पुन्हा चढू नका.” हे पण गोडच आवाजात.

मी खाली आलो. खरं सांगतो, गेलं ते काम गेलं, पण छाती जरा फुगली होती. आता सिस्टर आभार मानतील, डोळ्यांत पाणीबिणी आणतील, असं वाटत होतं. त्या टेम्पोत रमजानभाईशेजारी बसल्या, मांडीवर देवाचा डबा घेतला आणि म्हणाल्या, “माझे मिळाले. आधीच्या तिघांचं काय?”

“तिघांचं?”

“चार कागद म्हणालात ना?”

“मला तर त्यांची नावं पण माहीत नाहीत सिस्टर.”

“एक मी सांगते. साळवी. आमच्या लॅबमध्ये होता, आता सांगलीला असतो. मासा त्याच्याच पोरीचा. बाकीचे दोघं तुमचे तुम्ही शोधा.” आणि टेम्पो निघाला.

ताबडतोब गेलो असतो तर मी देवमाणूस झालो असतो. मी काही गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, दिवाळीनंतर जाऊ. जाऊन सांगायचं तरी काय? अशी चार वर्षं गेली. मग सांगलीला एक काम लागलं, आणि साळवींचं घर निघालं त्याच गल्लीत. रोज त्यांच्या दारावरनं जायचं. पाचव्या दिवशी मनाचा धडा केला आणि कडी वाजवली.

साळवी कामावर होते. बायकोनं दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहून सगळं सांगून टाकलं. इनामदार, कागद, शिक्का, सगळं. आणि म्हटलं, “वहिनी, तुमचे पैसे परत द्यायची माझी ऐपत नाही. पण एक खोली फुकट रंगवून देतो. रंग माझा, मजुरी माझी.”

मला वाटलं, आता दार लावून घेणार. पण वहिनी म्हणाल्या, “म्हणजे ती भिंत खराब झाली नव्हती?”

“नाही हो. ओल्या फडक्यानं गेलं सगळं. दोन मिनिटांत.”

“मी पुसणार होते. इनामदार म्हणाले, हात लावू नका, डाग आणखी पसरेल, पेंटर बघेल. आणि मग सात हजार कापले. माझं दुसरं बाळंतपण होतं त्या महिन्यात, त्यासाठी ठेवलेले पैसे होते ते.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “मी पोरीला मारलं हो त्या दिवशी. चार वर्षांची होती. लाटण्यानं मारलं. तुझ्यामुळं झालं म्हणून.”

सात हजारांचा हिशेब मी मनात कितीतरी वेळा केला होता. ह्या लाटण्याचा मला पत्ताच नव्हता.

तेवढ्यात शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन एक पोरगी गल्लीतनं आली. नऊएक वर्षांची, दोन वेण्या. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“तिला तुम्ही सांगा,” वहिनी म्हणाल्या. “मला नाही जमायचं.”

मी खाली उकिडवा बसलो. भिंत रंगवताना बसतो तसा. म्हटलं, “बाळा, मिरजेच्या घरात तू भिंतीवर मासा काढला होतास. त्यानं भिंत खराब झाली नव्हती. तुझी काही चूक नव्हती. चूक माझी होती.”

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

“कुठला मासा?” तिनं विचारलं.

तिची आई आत स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.